कापलेल्या हाका

गोंदियाला मोहाचा वास येत नाही. आमच्या घरामागे राईस मिल आहे. तिच्या उकडलेल्या धानाचा वास बारा महिने तेरा काळ खिडकीतून आत येतो आणि दुसऱ्या कुठल्याही वासाला उंबरठा ओलांडू देत नाही. मार्च लागला, परीक्षा आल्या, हे इथे कॅलेंडर पाहूनच कळतं. त्यामुळे त्या दिवशी स्टेशनसमोर शेअर ऑटोत बसले आणि नाकात तो वास शिरला, तेव्हा आधी मला भासच वाटला.

भास नव्हता. समोर एक म्हातारी बाई मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. पॅसेंजरमधून नुकतीच उतरलेली. गाठोड्याचं कापड खालून चिकट तपकिरी झालं होतं. ऑटोवाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "म्याडम, ये गठरी का बास सहन होगा क्या? नहीं तो पीछे रख देता हूँ."

"राहू द्या भाऊ," मी म्हटलं. आणि सहन होईल का, हे मात्र माझं मलाच माहीत नव्हतं.

"कुठून आलात मावशी?"

"केशोरीकडून. पोरगी अथी रायते ना, तिले मोहाच्या पुऱ्या लय आवडते."

केशोरीकडून म्हणजे केशोरीच्या पुढून, जंगलाच्या अंगाला असलेल्या गावातून. तिनं गावाचं नाव सांगितलं. त्या गावातल्या दोन खोल्यांच्या शाळेत मी सात वर्षं काढली होती. मी काही बोलायच्या आत तिनं मला निरखून पाहिलं, डोळे बारीक केले.

"तुमी त्या व्हिडिओवाल्या म्याडम न वो?"

सात वर्षं. पहिलीच्या पोरांची बोटं धरून अक्षरं गिरवली, तापानं फणफणलेल्या लेकरांना स्कूटीवर बसवून दवाखान्यात नेलं, पाढे पाठ करून घेता घेता घसा बसला. आणि गावाच्या तोंडी मी उरले ती 'व्हिडिओवाली म्याडम'. बाई चुकीचं काहीच बोलली नव्हती.

"सेवंती तुमाले धुंडून राहिली," ती म्हणाली.

"काऊन?" माझ्या तोंडून आपसूक तिथलीच बोली निघाली.

"थे मले का मालूम. माय गेली ना तिची, मागच्या धानकापणीत. दोन दिसाचा ताप झाला न गेली. तवापासून साऱ्याले इचारते, म्याडम कुठी रायते, कोनापाशी नंबर हाये का."

बाई बाजारचौकात उतरली. वास ऑटोतच राहिला. मी जिथे निघाले होते तिथे पोचले आणि फळ्यावर विषय लिहिला: वर्गात तंत्रज्ञानाचा वापर. हल्ली मी इतर शिक्षकांना हेच शिकवते. त्या दिवशी दोन तास बोलले म्हणे. काय बोलले ते आठवत नाही.

सेवंती हे तिचं खरं नाव नाही. तिचं खरं नाव एकदा साऱ्या जगाला सांगून झालं आहे, आता पुन्हा माझ्या हातून नको. गावाचं नावही म्हणूनच लिहीत नाही.

मी मूळची कामठ्याची. आम्ही पोवार, धानाचे लोक. शेताच्या बांधीत पाणी साचलं की आमचा जीव थंड होतो आणि मोह म्हटलं की आमच्या घरात नाक मुरडतात. नोकरी लागून जंगलाकडे गेले तेव्हा पहिल्याच मार्चमध्ये मी पोरांवर वैतागले होते. सकाळची शाळा. पोरं पहाटेपासून झाडाखाली मोह वेचून तशीच वर्गात यायची. हात चिकट, दप्तर चिकट. वहीची पानं एकमेकांना चिकटलेली, ती सोडवताना फाटायची. मुंग्या ओळीनं पोरांच्या मागे वर्गात शिरायच्या. मधमाशी आली की एकटी मीच किंचाळायची आणि पोरं खुदखुदायची. परीक्षेच्या पेपरवर तपकिरी अंगठे उमटलेले असायचे. दुसऱ्या वर्षापर्यंत मला त्या अंगठ्यांवरून कळायला लागलं, आज कोणाचं झाड जास्त टपकलं.

हो, कोणाचं झाड. जंगल सरकारचं असलं तरी मोहाचं झाड घराचं असतं. आजोबानं वेचलेलं झाड नातवाकडे येतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. मोसम लागायच्या आधी बाया झाडाखालचा पाचोळा झाडून अंगणासारखी जागा करतात. मग पहाटे त्या स्वच्छ जागेवर टप, टप आवाज सुरू होतो. फिकट पिवळी, गुबगुबीत, रसानं भरलेली फुलं. बोटांत धरली की थंड लागतात. उन्हं वर आली की तोच गोड वास जड होतो आणि डोकं धरतं.

मोहाचा वास अस्वलालाही येतो. म्हणून तिथे एक रीत आहे. वेचताना प्रत्येक आई थोड्या थोड्या वेळानं आपल्या लेकराच्या नावानं हाक मारते आणि लेकरानं 'ओ' द्यायची. बस, एवढंच. त्या हाकेत काही निरोप नसतो, काम नसतं, रागही नसतो, नुसतं नाव असतं. दोन हाकांना ओ आली नाही तर साऱ्या बाया टोपल्या टाकून त्या दिशेनं धावतात. पहाटे त्या जंगलात उभं राहिलं की चारी बाजूंनी नावं ऐकू येतात आणि नावांना उत्तरं. मला ते फार आवडायचं. आवडायचं म्हणते, पण ते कशासाठी आहे हे डोक्यात असूनही मनात उतरलं नव्हतं, हे पुढे कळेलच.

सेवंतीच्या मायची हाक सगळ्यांत वेगळी. बाई हडकुळी, पण आवाज असा की तलावाच्या पलीकडून म्हैस मान वर करील. नावाचं पहिलं अक्षर दाबून म्हणायची आणि शेवटचं लांबवत नेऊन अचानक सोडून द्यायची. स्वभावानं खट्याळ. मी तिच्या थट्टेचा हक्काचा विषय होते. त्या गावात मोबाईलची रेंज एकाच ठिकाणी यायची, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. शाळेची माहिती रोज ऑनलाईन भरायची, त्यामुळे शाळा सुटली की मी पाळीवर जाऊन मोबाईल धरलेला हात वर करून इकडून तिकडे फिरायची. ती धुणं धूत असायची. बायांना सांगायची, "पाहा वो, म्याडम देवाले आरती ओवाळून राहिल्या." आणि मग मला, "पावला का वो देव?"

देव पावायचा कधी कधी. आणि खरं सांगते, मला त्या देवाचं वेडच लागलं होतं. आजही मी तंत्रज्ञानाला शिव्या देणाऱ्यांतली नाही. शाळेच्या छपरावर सौरपाट्या लागल्या, वर्गात मोठा टीव्ही आला, त्या दिवशी मी पोरांना समुद्र दाखवला. या पोरांनी तलाव पाहिले होते, शेतातल्या छोट्या बोड्या पाहिल्या होत्या, समुद्र कधीच नाही. सगळी पुढे सरकली. सेवंती तेव्हा तिसरीत होती. ती उठली, टीव्हीच्या मागे जाऊन पाहून आली आणि मला म्हणाली, "म्याडम, याची पाळ कुठी हाये?"

"समुद्राला पाळ नसते."

"मंग पानी रायते कसं?"

त्या प्रश्नावर आमचा आठवडा गेला. पृथ्वी, गुरुत्व, चंद्र, भरती, सगळं त्या टीव्हीवर पाहिलं. मला स्वतःला माहीत नसलेल्या गोष्टी मी त्या पोरीमुळे शिकले. जिल्ह्यात माझं नाव झालं. तंत्रस्नेही शिक्षिका. कागद मिळाला, शाल मिळाली. माझ्या नवऱ्यानं तो कागद काचेच्या चौकटीत बसवला. आता तो पलंगाखाली आहे, तोंड भिंतीकडे करून.

मग एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं, की परिसरातल्या वस्तू वापरून गणित शिकवतानाचा एकेक व्हिडिओ करा. कसा करायचा तेही शिकवलं. उजेड चेहऱ्यावर हवा. मोबाईल आडवा धरा. आणि आवाज स्वच्छ ठेवा. कुत्रं, कोंबडं, गाडी, माणूस, काहीही मध्ये आलं तर कापा. मी वहीत लिहून घेतलं आणि 'कापा'च्या खाली रेघ मारली. आज्ञाधारक विद्यार्थिनी.

दुसरीकडे कुठे जायचं कारणच नव्हतं. मोह टपकत होता आणि सेवंती चौथीत होती. मी तांबडं फुटायला तिच्या झाडाखाली जाऊन पोचले. तिची माय थोडं पुढे, झुडपांच्या पलीकडे दुसऱ्या झाडाखाली होती. जाताना मी तिला म्हटलं, "पोरीला दहा मिनिटं माझ्याकडे राहू द्या, गणित विचारते." ती म्हणाली, "न्या ना, तुमचीच हाये." व्हिडिओ काढते, तो सगळीकडे पाठवणार आहे, हे मी सांगितलं नाही. लपवायचं होतं म्हणून नाही. सांगावं लागतं, असं मला वाटलंच नाही. शिक्षकाला गावात कोणी विचारत नाही, आणि मग शिक्षकालाही कोणाला विचारायची सवय राहत नाही.

पोरगी टोपली पुढ्यात घेऊन बसली. कोवळं ऊन अगदी सांगितल्यासारखं तिच्या चेहऱ्यावर आलं होतं.

"चार टोपल्या ओला मोह वाळवला की किती राहतो?"

"एक टोपली."

"मग बारा टोपल्यांचा?"

तिकडून हाक आली. "ओ!" सेवंती ओरडली आणि तोंड माझ्याकडे वळवून म्हणाली, "तीन."

"आणि पाच टोपल्या वाळलेला पाहिजे असेल तर?"

"वीस वेचा लागते." जरा थांबली. "पन पहिल्या दिसाचा मोह जास्त आटते, म्याडम. एकवीस धरा."

एकवीस धरा! पुस्तकात वीस असतं. कोणत्या पुस्तकात हे एकविसावं टोपलं आहे? मी विचारत गेले, ती सांगत गेली, आणि मधून मधून ती हाक यायची आणि सेवंती ओ द्यायची. मला त्या हाकांचा राग येत होता. इतकं छान चाललंय आणि ही बाई काही गप्प बसत नाही. शेवटी मी विचारलं, "एवढ्या मोहाचं काय करता गं?"

"खातो. बजारात देतो. अन् थोड्याची बाबा काढते..." तेवढ्यात पुन्हा हाक. "ओ! ...देवासाठी."

मी हसले. ती पण हसली. त्यांच्याकडे मोहाच्या दारूच्या थेंबाशिवाय देवाचं काही होत नाही, हे मला ठाऊक होतं. गावात त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. लेकरू आपल्या घरातलं सांगतं तसं तिनं सांगितलं.

त्या दुपारी शाळा सुटल्यावर मी कानाला हेडफोन लावून बसले. अकरा हाका होत्या. मोजलेल्या आहेत. प्रत्येक हाक कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे पाहायला मी ती पुन्हा पुन्हा ऐकली, मागे नेली, पुढे नेली, आणि कापली. हाक गेली की तिची 'ओ' पण गेली. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. वाहत्या पाटासारखा स्वच्छ व्हिडिओ झाला. शेवटची हाक कापताना तिच्यासोबत 'देवासाठी' हा शब्दही गेला. माझ्या लक्षात आलं नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. आज लिहायला बसले आहे तर खरंच लिहिते. कापल्यावर मी एकदा ऐकलं होतं. शेवट जरा तुटल्यासारखा वाटला होता. पण लेकराचं वाक्य ऐकून लोक गालात हसतील, गोड वाटेल, असा विचार केला आणि पाळीवर जाऊन हात वर केला.

देव लगेच पावला. दोन दिवसांत व्हिडिओ जिल्ह्याच्या पार गेला. अभिनंदनं आली. कोणीतरी लिहिलं, अशा पोरी देश घडवतील. तिसऱ्या दिवशी कोणीतरी शेवटचा तेवढा तुकडा काढला, त्याच्यावर फिदीफिदी हसण्याचा आवाज चढवला आणि वर लिहिलं, बघा, सरकारी शाळेत काय शिकवतात. माझ्याच हातानं तुटलेलं वाक्य, दुसऱ्याच्या हातानं सजवलेलं. "थोड्याची बाबा काढते." आणि हसणं.

गावात पोलिसांची जीप आली. सेवंतीच्या बापाला नेलं, दोन दिवसांनी सोडलं. अंगणातली मडकी फोडून टाकली, त्यांत देवाचं वेगळं ठेवलेलं मडकंही होतं. केशोरीच्या बाजारात पोट्टे त्या पोरीच्या मागे "थोड्याची, थोड्याची" ओरडत चालायला लागले. दहा वर्षांची पोर. हे सगळं मला आठवडाभरानं कळलं, कारण त्या आठवड्यात मी तालुक्याला सत्कार घेत होते.

मी तिच्या घरी गेले तेव्हा अंगणात खापऱ्या तशाच पडल्या होत्या. बाप माझ्याकडे पाठ करून बसला होता. म्हणाला, "पोरगी शाळेत येनार नाई. आमच्या घरातलं आमी तिले सांगू देलं, ते शाळेनं चवाट्यावर नेलं. आता का शिकवता तिले?"

मी काहीतरी बोलत राहिले. मी नाही केलं ते, कोणीतरी तुकडा काढला, मी तर चांगल्यासाठी. माझं मलाच ऐकवत नव्हतं. दाराआड सेवंतीचे पाय दिसत होते, नुसते पाय. तिची माय ओट्यावर मोह पसरत होती. ती रोज मला चिडवणारी बाई त्या दिवशी वर बघेना. मी उठले तेव्हा एवढंच म्हणाली, "म्याडम, तुमी आमाले इचारलं असतं त..."

वाक्य तिनं पुरं केलं नाही. रागही नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं.

परीक्षेला सेवंती आली नाही. गणिताच्या पेपरला तिच्या जागी मी पेपर ठेवला होता, वाट पाहत. सगळ्या पोरांचे तपकिरी अंगठे उमटले, तिचा कागद कोरा राहिला. मी चार वेळा तिच्या घरी गेले, पाचव्या वेळी दार उघडलं नाही. ज्या पोरीनं समुद्राची पाळ विचारली होती तिची शाळा चौथीत संपली, आणि ती मी संपवली. हे वाक्य कितीही फिरवून लिहिलं तरी असंच होतं.

मग मी पुसायला बसले. मोबाईलमधून पुसलं. शाळेच्या संगणकातून पुसलं. मेमरी कार्डात मूळ सगळं होतं, न कापलेलं, ते कार्डच मोडलं. ज्यांना ज्यांना पाठवलं त्यांना हात जोडून पुसायला लावलं. पाप धुऊन काढल्यासारखं वाटलं. त्या पोरीचं माझ्याकडे आता काहीही नाही, हे स्वतःला सांगताना तेवढं एक समाधान होतं. पुढच्या वर्षी बदली मागून घेतली.

तो हसण्याचा तुकडा मात्र कोणालाही पुसता आला नाही. दरवर्षी मोह टपकायला लागला की तो कुठून तरी उगवतो. मागच्या वर्षी माझ्याच प्रशिक्षणात चहाच्या वेळी एका तरुण सरांनी तो सगळ्यांना दाखवला. "मॅडम, देखो तो, क्या बच्ची है!" सगळे हसले. शिक्षकांना मोबाईल कसा धरायचा हे शिकवणारी मी, तिथे तोंड उघडायला हवं होतं. ही पोर कोण, हे वाक्य पुढे कसं होतं, कोणी कापलं, सांगायला हवं होतं. मी चहाचा कप घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले. तेव्हापासून मात्र प्रशिक्षणात पहिला तास मी मोबाईल पिशवीत ठेवायला लावते आणि विचारते, ज्याचा चेहरा घेणार त्याच्या घरी जाऊन आलात का? माना हलतात, वहीत लिहून घेतात. लिहून तर मीही घेतलं होतं.

त्या ऑटोनंतरच्या रविवारी मी पहाटेच केशोरीची बस धरली. पुढे एका ओळखीच्या पोराच्या आईनं मोटारसायकलवर सोडलं. सकाळचे आठ वाजले होते. तलावाची पाळ तशीच होती, आता रेंज मात्र गावभर येते म्हणे. मी झाडाकडे चालत गेले आणि दुरूनच ऐकू आलं, कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं. लहानगीची ओ आली.

सेवंती आता अठराची. आईसारखीच हडकुळी. मला पाहून उठली, हात पदराला पुसले आणि मी काही बोलायच्या आत वाकून पाया पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी पायांवर पडायची पाळी होती.

"धाकटी बहीन हाये ना, मनू. दुसरीत हाये," ती म्हणाली. "तिले तिकडच्या झाडाखाली लावलं. शाळेत पाठवतो मी तिले."

"आणि तू, सेवंती?"

"माह्यं काय आता, म्याडम." मग थोडा वेळ ती फुलं बोटांत फिरवत राहिली. "तुमाले एक मांगाचं होतं."

"माग ना."

"तवा तुमी मोबाईलात घेतलं होतं न, अथी. माय तिकडून मले हाका मारे. तुमच्या त्या व्हिडिओत थे नाई. गावात एकापाशी राहिला होता, मी लय वेळा पायला. लोकाचा हासाचा हाये, त्याच्यातबी नाई." पहिल्यांदा तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "पन तुमच्यापाशी पुरं असन ना? मायचा फोटो हाये एक, आधार कार्डावरचा. आवाज कुठीच नाई. तेवढी हाक पाहिजे मले."

मोह टपकत होता. टप. टप. आठ वर्षं मी तयारी करून ठेवली होती, ती कधी भेटली तर काय म्हणेल, मला शिव्या देईल, मी कशी माफी मागीन. हे मागेल असं स्वप्नातही नव्हतं.

"सेवंती, मी पुसलं ते."

"सारं?"

"सारं. कार्डसुद्धा मोडलं. मला वाटलं, तुझं माझ्याजवळ काही राहू नये."

तिनं हातातली फुलं टोपलीत टाकली. मग अगदी तिच्या आईच्या आवाजाच्या खालच्या पट्टीत म्हणाली, "आमाले इचारलं असतं त..."

टाकतानाही विचारलं नाही, पुसतानाही नाही. पहिल्यांदा मी गुन्हा करत होते आणि दुसऱ्यांदा प्रायश्चित्त घेत होते, आणि दोन्ही वेळा ते माझं नव्हतंच, त्यांचं होतं. मी तिथेच झाडाच्या मुळावर बसले आणि रडले. पन्नाशीच्या शिक्षिकेनं विद्यार्थिनीपुढे रडावं तसं नाही, लेकरानं रडावं तसं. तीच मला पाणी द्यायला उठली.

मग ती माझ्यासमोर उकिडवी बसली. "म्याडम, तुमी त लय वेळा आयकलं असन ना थे. कापाच्या आधी."

"हो."

"मंग तुमाले याद असन. कशी मारे माय? मारून दाखवा ना एकदा."

मला आठवत होती. अकराच्या अकरा आठवत होत्या. कुठे सुरू होते, कुठे श्वास घेते, कुठे लांबते, कुठे सुटते, कापण्यासाठी म्हणून मी त्या पाठ केल्या होत्या. मी उभी राहिले. मोबाईल पिशवीत टाकला. झुडपांकडे तोंड केलं, छातीभर श्वास घेतला आणि तिच्या खऱ्या नावानं हाक मारली. पहिलं अक्षर दाबून, शेवटचं लांबवून, अचानक सोडून. वर्गात आयुष्यभर ओरडलेला माझा आवाज जंगलात गेला आणि परत आला नाही.

सेवंती खाली मान घालून ऐकत होती. मी थांबले, ओ येईल म्हणून.

तिनं हळूच मान हलवली. "नाई, म्याडम. अशी नाई मारे," ती म्हणाली, आणि टोपली जवळ ओढून पुन्हा वेचायला लागली.